आधी लिहा, मग बोला

माणसाच्या दोन्ही हातांना आणखी एकेक अंगठा फुटला, तर काय फायदे होतील आणि काय अडचणी येतील? अमेरिकेतल्या येल विद्यापीठात विद्यार्थ्यांपुढे हा प्रश्न ठेवला गेला होता. डोनाल्ड टेलर, पॉल बेरी आणि क्लिफर्ड ब्लॉक यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या त्या प्रयोगात निम्मे विद्यार्थी चार-चारच्या गटांत बसून कल्पना मांडत होते आणि निम्मे एकेकटे. नंतर एकेकट्यांच्या याद्या चार-चारच्या हिशेबाने एकत्र केल्या आणि दोघांना सुचलेली तीच कल्पना एकदाच मोजली. प्रत्यक्ष एकत्र बसलेल्या गटांपेक्षा या कागदोपत्री गटांच्या कल्पना जवळपास दुप्पट भरल्या.

त्या काळच्या समजुतीला हा मोठा धक्का होता. बीबीडीओ या नामांकित जाहिरात कंपनीतले ॲलेक्स ऑस्बर्न यांनी १९४८ आणि १९५३ सालच्या आपल्या पुस्तकांतून ब्रेनस्टॉर्मिंगची पद्धत लोकांपुढे ठेवली होती. तिचे नियम चार. कुणाच्याही कल्पनेवर टीका करायची नाही. कल्पना कितीही अचाट असली तरी चालेल. जितक्या जास्त तितक्या हव्यात. आणि दुसऱ्याच्या कल्पनेत आपली भर घालायची. गटात बसलेल्या माणसाला एकट्यापेक्षा दुप्पट कल्पना सुचतात, असा ऑस्बर्न यांचा दावा होता. येलमध्ये नेमकं उलट दिसलं आणि पुढच्या अनेक प्रयोगांतही तेच दिसत राहिलं. तरी शाळांमध्ये, शिबिरांत आणि मंडळांत मुलांना गोल करून बसवायचं, एकाने फळ्यापाशी उभं राहायचं आणि ‘चला, बोला, काय काय सुचतंय?’ म्हणायचं, ही रीत अजून सुटलेली नाही.

म्हणून तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना एकत्र बसून उपाय शोधायला शिकवायचं असेल, तर सुरुवात गटाने करायची नाही. आधी प्रत्येकाच्या हातात कागद द्यायचा आणि वर्ग शांत ठेवायचा. बोलणं नंतर. एवढा एक बदल केला, तर नेहमी गप्प असणाऱ्या पाऊण वर्गाच्या डोक्यात काय चाललंय ते पहिल्यांदाच बाहेर येतं.

गटात कल्पना कमी का होतात, याचा उलगडा जर्मनीत झाला. मिखाएल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी १९८७ साली तीन कारणं तपासली: लोक काय म्हणतील ही भीती, ‘बाकीचे करतीलच’ असं म्हणून अंग चोरणं, आणि एका वेळी एकालाच बोलता येणं. सर्वांत जड भरलं ते तिसरं, वरवर अगदी किरकोळ वाटणारं कारण. एक बोलत असताना बाकीचे ऐकतात. ऐकता ऐकता आपलं विसरतात, किंवा आपलं विसरू नये म्हणून दुसऱ्याचं ऐकत नाहीत. आपली पाळी येईपर्यंत मनातलं शिळं वाटायला लागतं. मुलं लाजाळू नसली, एकमेकांची जिवलग असली, तरी हे होणारच, कारण दोष स्वभावात नसून पद्धतीत आहे.

किशोरवयात त्यात भीतीची भर पडते. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली तीन वयोगटांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ खेळायला दिला. काही जण एकटे खेळले, काहींच्या शेजारी त्यांच्याच वयाचे दोन सोबती बसले होते. सोबती असताना तेरा ते सोळा वयाच्या मुलांनी धोका पत्करण्याचं प्रमाण लक्षणीय वाढलं, चोविशीपुढच्या मोठ्यांवर तसा परिणाम झाला नाही. या वयात शेजारी कोण बसलंय आणि ते आपल्याकडे कसं बघतंय, यावर वागणं किती अवलंबून असतं ते यातून कळतं. खेळात हीच मुलं बेफिकीर होतात आणि वर्गात तीच तोंड मिटून घेतात. एखादीने वेगळं काही सुचवलं, मागच्या बाकावरून ‘ओऽऽ’ आलं, की ती मुलगी त्या वर्षात पुन्हा हात वर करेल याची खात्री नाही.

दुसरी अडचण आपल्या परीक्षांची आहे. दहावीपर्यंत मुलांना एका प्रश्नाला एक उत्तर आणि त्या उत्तराला ठरलेले गुण याची सवय झालेली असते. ‘पाच उपाय लिहा’ म्हटलं तरी दोन ओळी लिहून वही पुढे करतात आणि विचारतात, ‘बाई, बरोबर आहे का?’ हा मुलांचा दोष नाही, त्यांना तसंच शिकवलं गेलंय. पण जग आता दुसरंही काही मोजू लागलं आहे. पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय ‘पिसा’ चाचणी घेणाऱ्या ओईसीडी संघटनेने २०२२ च्या फेरीत पहिल्यांदाच सर्जनशील विचारांची वेगळी चाचणी घेतली. जून २०२४ मध्ये तिचे निकाल आले. सिंगापूर ६० पैकी ४१ गुण मिळवून पहिलं आलं, ओईसीडी देशांची सरासरी ३३ होती. भारत त्या फेरीत नव्हता. सिंगापूरची शाळा मोकळ्या वातावरणासाठी प्रसिद्ध नाही, ती अभ्यासाच्या शिस्तीसाठी प्रसिद्ध आहे. शिस्त आणि कल्पकता एकमेकींच्या वैरिणी आहेत, ही समजूत सोडून देण्यासारखी आहे. कल्पना सुचवण्यालाही शिस्त लागते आणि ती शिकवता येते.

कोणत्या प्रश्नापासून सुरुवात करावी, यात बहुतेक ठिकाणी चूक होते. ‘प्रदूषणावर उपाय सुचवा’, ‘पाणीटंचाई कशी दूर कराल?’ असे विषय दिले की मुलं निबंधाच्या भाषेत शिरतात: जनजागृती करावी, शासनाने कडक कायदे करावेत, प्रत्येकाने आपली जबाबदारी ओळखावी. असल्या वाक्यांतून हाती काही लागत नाही. उलट ‘शाळेसाठी कचरापेटी कशी तयार कराल?’ हा प्रश्न फार अरुंद, कारण उत्तर कचरापेटीच असणार हे विचारणाऱ्यानेच ठरवून टाकलेलं असतं. प्रश्न मुलांच्या रोजच्या वाटेवरचा, ज्याचा त्रास त्यांना स्वतःला होतो असा आणि ज्याचं उत्तर कुणालाच माहीत नाही असा हवा. शाळा सुटताना फाटकापाशी होणारी रिक्षा आणि सायकलींची कोंडी. शालेय पोषण आहारातला उरणारा भात. मासिक पाळीच्या दिवसांत मुलींचं शाळेत न येणं. सोसायटीतल्या आजी-आजोबांना मोबाइलवरच्या फसवणुकीपासून वाचवणं.

मुंबईतल्या धारावीच्या नया नगर वस्तीतल्या मुलींचं उदाहरण इथे मोलाचं आहे. चित्रपटकार नवनीत रंजन यांनी सुरू केलेल्या ‘धारावी डायरी’ या उपक्रमातल्या या किशोरवयीन मुलींनी साधारण दहा वर्षांपूर्वी मोबाइलची ॲप बनवली, तीही ‘एमआयटी ॲप इन्व्हेंटर’ हे फुकट मिळणारं साधन वापरून आणि इंटरनेटवरचे धडे पाहून. त्यातलं ‘पाणी’ नावाचं ॲप सार्वजनिक नळावरच्या रांगेसाठी होतं. नंबर मोबाइलवर लावायचा आणि आपली पाळी आली की सूचना येणार, म्हणजे हंडा घेऊन तासन् तास ताटकळायला नको. दुसरं ॲप मुलींच्या आणि बायकांच्या सुरक्षिततेसाठी, तिसरं शिकण्यासाठी. नळावरची रांग या मुलींना कुणी समजावून सांगावी लागली नव्हती, त्या स्वतः तिच्यात उभ्या राहत होत्या. तंत्रज्ञान त्यांना नवीन होतं, प्रश्न जुना होता. शिक्षकाने ही जोडी लक्षात ठेवावी. प्रश्नही परका आणि साधनही परकं असलं की मुलं दोन्हीकडे चाचपडतात.

प्रश्न ठरला तरी लगेच उपायांकडे धावू नये. अहमदाबादच्या रिव्हरसाइड शाळेच्या संस्थापक किरण बीर सेठी यांनी २००९ साली सुरू केलेल्या आणि पुढे अनेक देशांत पोचलेल्या ‘डिझाइन फॉर चेंज’ या उपक्रमात मुलं चार पायऱ्यांनी जातात: आधी प्रश्न अनुभवायचा, मग उपायांची कल्पना करायची, मग तो प्रत्यक्षात आणायचा आणि शेवटी इतरांना सांगायचा. कल्पना दुसऱ्या पायरीवर आहे, पहिलीवर नाही. आपल्याकडे ही पहिली पायरी हमखास गाळली जाते. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीपाशी गर्दी होते हे सगळ्यांना माहीत असतं. पण किती नळ चालू आहेत, एक बाटली भरायला किती वेळ लागतो, सर्वांत लांब रांग कितव्या मिनिटाला असते, लहान इयत्तांतली मुलं पाणी न पिताच परत जातात का, चिखल नेमका कुठे साचतो, हे कुणी पाहिलेलं नसतं. तीन दिवस मुलांनी वही-पेन्सिल घेऊन टाकीजवळ उभं राहावं, मोजावं, शिपाईकाकांशी बोलावं. टाकी कधी भरते आणि कोणता नळ सारखा बिघडतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. ही माहिती हातात असली की नंतरच्या कल्पना हवेत राहत नाहीत.

आता प्रत्यक्ष बैठक. त्यासाठी जोड तासिका हवी. कार्यानुभवाच्या तासाला हे छान बसतं. सहा-सहाचे गट करावेत. मित्रमैत्रिणींचा कंपू एकाच गटात नको आणि एखाद्या गटात एकटी मुलगी किंवा एकटा मुलगाही नको. नव्याने आलेलं, भाषा वेगळी असलेलं मूल ज्या गटात असेल तिथे कुणीतरी समजूतदार सोबत असावं. गटप्रमुख नेमूच नये. वर्गाचा मॉनिटर गटप्रमुख झाला की सगळे त्याच्याकडे बघून लिहितात. त्याऐवजी वेळ सांगणारा एक आणि कागद सांभाळणारा एक एवढी कामं वाटून द्यावीत आणि ती पुढच्या बैठकीत बदलावीत.

सुरुवातीला पाच मिनिटं हात मोकळे करायला एखादा गमतीचा प्रश्न द्यावा. जादा अंगठ्याचा प्रश्न त्यासाठी आजही उत्तम आहे. पायातल्या तुटलेल्या चपलेचे वीस उपयोग, हाही चांगला. मुलं हसतात, खिदळतात, आणि चुकीचं उत्तर नावाची गोष्ट इथे नाही हे त्यांना न सांगता कळतं.

मग मूळ प्रश्न फळ्यावर लिहावा. आणि इथे शिक्षकाला एक मोह टाळावा लागतो, तो म्हणजे उदाहरण देण्याचा. ‘म्हणजे बघा, असं काहीतरी…’ म्हणून एक नमुना सांगितला की मुलांना सोपं जाईल असं वाटतं. स्टीव्हन स्मिथ, थॉमस वॉर्ड आणि जे शूमाकर यांनी १९९३ साली दाखवून दिलं की नमुना माणसाला बांधून टाकतो. त्यांनी लोकांना परग्रहावरचे प्राणी कल्पून काढायला सांगितले आणि काहींना आधी नमुने दाखवले. त्या नमुन्यांतल्या सगळ्या प्राण्यांना चार पाय, शेपूट आणि डोक्यावर मिशांसारखे स्पर्शक होते. नमुने पाहिलेल्यांच्या प्राण्यांतही हेच अवयव वारंवार उगवले. ‘नमुन्यांपेक्षा वेगळं काढा’ असं बजावून सांगितलं, तरी फारसा फरक पडला नाही. प्रौढ माणसांची ही गत, तर बाईंनी सांगितलेला नमुना नववीतलं पोर कसं ओलांडणार? मुलांना प्रश्न कळला नसेल तर प्रश्न पुन्हा समजावून सांगावा. उत्तराचा नमुना देऊ नये.

लिहिण्याच्या पद्धतींत सर्वांत सोपी आणि गर्दीच्या वर्गात चालणारी पद्धत जर्मनीतल्या बेर्न्ड रोरबाख यांनी १९६८ साली मांडली. सहा जण, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटं. प्रत्येक जण आपल्या कागदावर तीन कल्पना लिहितो आणि कागद उजवीकडच्याला देतो. मिळालेला कागद वाचून पुढचा त्याखाली आणखी तीन लिहितो. नव्या लिहाव्यात किंवा आधीच्यांतली एखादी पुढे न्यावी. सहा फेऱ्यांत, म्हणजे अर्ध्या तासात, एका गटाकडे १०८ नोंदी होतात. त्यातल्या कित्येक सारख्या निघतील, काही निरर्थकही असतील. तरी साठ मुलांच्या वर्गात एकही मूल गप्प बसलेलं नसतं आणि एकही आवाज दुसऱ्यावर चढलेला नसतो. साध्या पाठकोऱ्या कागदांत हे होतं. अक्षरावरून कुणाचं काय ते ओळखू येईल अशी भीती असेल तर पहिल्या वेळी छापील अक्षरासारखं सुटं लिहायला सांगावं.

हे कसं घडतं ते एका कागदावर पाहू. समजा, प्रश्न टाकीजवळच्या गर्दीचा आहे. पहिल्या फेरीत हमखास येणार: ‘नळ वाढवावेत’, ‘रांगेत उभं राहावं’, ‘रांग मोडणाऱ्याला दंड करावा’. दुसऱ्या हाताने लिहिलेलं असेल: ‘पाचवी-सहावीची सुट्टी पाच मिनिटं आधी’, ‘बाटल्यांसाठी वेगळा नळ, ओंजळीने पिणाऱ्यांसाठी वेगळा’. तिसऱ्याला कंटाळा आलेला, तो लिहितो, ‘आपण टाकीकडे जायचंच नाही, टाकीनेच वर्गात यावं’. गोलात तोंडी चाललं असतं तर यावर हशा पिकला असता आणि गोष्ट तिथेच संपली असती. कागद मात्र मुकाट पुढे सरकतो. चौथी मुलगी ते वाचते आणि खाली लिहिते, ‘प्रत्येक वर्गात झाकण आणि तोटी असलेला माठ, सकाळी पाळीने भरायचा’. पाचवा विचारतो, ‘माठ धुणार कोण? दर शनिवारी बाकाच्या क्रमाने’. सहावी सुचवते, ‘मग टाकीजवळ सांडणारं पाणी कमी होईल, उरलेलं पाट काढून कढीपत्त्याच्या वाफ्याकडे’. गमतीत लिहिलेल्या ओळीतून तीन हातांनी एक करण्याजोगी योजना उभी राहिली. ऑस्बर्न यांचे दुसरा आणि चौथा हे नियम इथे कुणी न सांगता पाळले गेले.

तिसऱ्या-चौथ्या फेरीत एक टप्पा नक्की येतो. पेनं थांबतात, मुलं छताकडे बघतात, कुणीतरी म्हणतं, ‘सर, संपलं.’ इथे बैठक आवरती घेऊ नये. ब्रायन लुकास आणि लोरन नॉर्डग्रेन यांनी २०२० साली दाखवलं की वेळ जाईल तसं आपल्याला सुचणं आटत जाईल असा लोकांचा अंदाज असतो, पण प्रत्यक्षात नंतरच्या कल्पना आधीच्यांइतक्याच आणि बरेचदा जास्त कल्पक असतात. याआधीही, १९५०च्या दशकात, मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना उशिरा सुचलेली उत्तरं अधिक वेगळी असतात हे आढळलं होतं. कारण समजायला सोपं आहे. सगळ्यांना सुचतं ते आधी येतं आणि ते संपल्यावरच स्वतःचं खोदून काढावं लागतं. मुलांना हे आधीच सांगून ठेवावं: ‘संपलं असं वाटेल. वाटल्यावर आणखी सात मिनिटं थांबायचं आहे.’ मग शांततेचं दडपण येत नाही.

या सगळ्या वेळात मोठ्या माणसाने काय करावं? शक्य तितकं कमी. वर्गात फिरावं, वेळ सांगावी, कागद कमी पडले तर द्यावेत. एखाद्या कागदावर वाकून ‘वा, छान!’ म्हणणं नको, कारण त्या एका शब्दाने बाकीच्या पाच जणांना बाईंना काय आवडतं ते कळतं आणि पुढच्या फेरीत तेच तेच येऊ लागतं. कपाळावरची आठी तर शब्दापेक्षा लवकर पोचते. कौतुक करायचंच तर संख्येचं करावं: ‘या गटाच्या सत्तर झाल्या, अजून दोन फेऱ्या आहेत.’ अनुभवी शिक्षकांना ही सर्वांत अवघड अट वाटते, कारण मदत करणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. पण मुलांच्या अडखळण्यात हात न घालणं हीसुद्धा मदतच आहे.

लिहून झालं की बोलायचं, आणि इथे मात्र मुलांना भरपूर बोलू द्यावं. गटाचा खरा उपयोग आता सुरू होतो: कल्पना एकमेकींना जोडणं, तपासणं, मोडून पुन्हा बांधणं. प्रत्येकाने आपल्यापुढे आलेला कागद वाचून दाखवावा, स्वतः सुरू केलेला नव्हे. कुणाची कल्पना हा प्रश्न त्यामुळे आपोआप मागे पडतो. सारख्या नोंदी एकत्र कराव्यात आणि फळ्यावर पुंजके करून मांडाव्यात.

टीकेच्या बाबतीत ऑस्बर्न यांचा नियम जसाच्या तसा घेण्याची गरज नाही. शार्लन नेमेथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली अमेरिका आणि फ्रान्समधल्या गटांना वाहतुकीच्या कोंडीवर उपाय शोधायला दिले. काही गटांना टीका टाळायला सांगितलं, काहींना सांगितलं की वाद घाला, एकमेकांच्या कल्पनांवर बोला. वाद घालायची मुभा मिळालेल्या गटांच्या कल्पना अधिक निघाल्या. तेव्हा किशोरांना ‘कुणाला काही बोलू नका’ असं शिकवण्यापेक्षा ‘कसं बोलायचं’ ते शिकवावं. कल्पनेबद्दल बोलायचं, माणसाबद्दल नाही. ‘येडा आहेस का’ चालणार नाही. ‘माठात डास होतील, मग झाकण कसलं बसवायचं?’ हे चालेल, किंबहुना हवंच. प्रत्येक अडचणीच्या मागे एक प्रश्न जोडायचा, एवढी एक सवय लावली तरी टवाळी आणि टीका यांतला फरक मुलांना नीट कळतो. हे फळ्यावर लिहून भागत नाही. शिक्षकाने स्वतः दोन-तीनदा तसं बोलून दाखवावं लागतं, आणि कुणी टवाळी केलीच तर ताबडतोब, न चिडता थांबवावं लागतं. पहिल्याच बैठकीत एकदा दुर्लक्ष केलं की पुढच्या सगळ्या बैठका वाया जातात.

निवड करताना हात वर करायला लावू नये. मोठ्या मुलांचे, लाडक्या मुलांचे हात आधी वर जातात आणि बाकीचे त्यांच्यामागे. प्रत्येकाला तीन टिकल्या द्याव्यात आणि सगळ्यांनी एकाच वेळी जाऊन आपल्या पसंतीच्या कल्पनांवर लावाव्यात. दोन फेऱ्या घ्याव्यात. पहिली, कोणती कल्पना सर्वांत वेगळी वाटते. दुसरी, कोणती आपण पंधरा दिवसांत, हातातल्या पैशांत, स्वतः करून पाहू शकतो. दोन्हींत वर आलेली कल्पना क्वचित एकच असते. मग मुलांनी बसून ठरवावं की वेगळ्या कल्पनेतला करण्याजोगा तुकडा कोणता. या वादात वेळ गेला तरी जाऊ द्यावा, खरं शिक्षण तिथेच होतं.

मोबाइलचा प्रश्न आता टाळता येणार नाही. घरी पाठवलेल्या प्रश्नाला मुलं चॅटजीपीटीकडून दहा मुद्दे मिनिटात घेऊन येतात. अनिल दोशी आणि ऑलिव्हर हाउझर यांनी २०२४ साली गोष्टी लिहिणाऱ्यांवर प्रयोग केला. यंत्राच्या कल्पना घेऊन लिहिलेल्या गोष्टी वाचकांना एकेकट्या अधिक सरस वाटल्या, पण त्या सगळ्या एकमेकींसारख्या होत गेल्या. गटाची ताकद सहा डोक्यांच्या वेगळेपणात असते, आणि तेच इथे पातळ होतं. म्हणून मोबाइल पहिल्या सहा फेऱ्यांत दप्तरात राहावा. निवडलेली कल्पना तपासायची वेळ आली, माठ गळू नये म्हणून काय करतात, तोटी केवढ्याला मिळते असले प्रश्न पडले, की खुशाल काढावा.

कल्पना कागदावर राहिली तर मुलं पुढच्या वेळी मनापासून लिहीत नाहीत. ती करून पाहायला आपल्याकडे जागा आहेत. १९९३ पासून देशभर भरणाऱ्या राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेत दहा ते सतरा वयाची मुलं आपल्याच परिसरातला प्रश्न निवडून त्याचा अभ्यास मांडतात. केंद्र सरकारच्या ‘इन्स्पायर-मानक’ योजनेत शाळा मुलांच्या कल्पना पाठवू शकतात आणि निवड झालेल्या कल्पनेचं मॉडेल करायला दहा हजार रुपये मिळतात. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात गावाची खरी कामं करत करतच मुलं शिकतात. या सगळ्यांचा लाभ घ्यावा, पण एक पथ्य पाळून. प्रदर्शनातलं मॉडेल रात्री जागून आई-बाबांनी केलेलं नको. परीक्षकांपुढे उभं राहिलेलं मूल ‘हे असंच का केलं?’ या प्रश्नाला अडखळतं तेव्हा त्याची मान खाली जाते, आणि त्याचा दोष मुलाकडे नसतो. वेडंवाकडं, पण स्वतःच्या हाताचं मॉडेल दहापट मोलाचं आहे.

शाळेबाहेरही हे करता येतं. गणेशोत्सवाच्या मंडळात सजावट मोठे ठरवतात आणि मुलांना दोऱ्या बांधायला लावतात. त्याऐवजी निर्माल्य गोळा करण्याचं काम पूर्णपणे पंधरा-सोळाच्या पोरांकडे द्यावं, आधी लिहायला लावावं, मग निवडू द्यावं आणि त्यांनी निवडलेलं होऊ द्यावं. घरातही, सुट्टीत कुठे जायचं आणि किती पैशांत, हा प्रश्न जेवणाच्या ताटावर मांडण्याऐवजी प्रत्येकाने, आजीनेसुद्धा, आपलं उत्तर आधी चिठ्ठीवर लिहावं. आठवीतल्या मुलीच्या चिठ्ठीला वडिलांच्या चिठ्ठीइतकीच किंमत आहे हे तिला एकदा दिसलं, की ती पुढच्या वेळी अधिक विचार करून लिहिते.

वाचकांपैकी जे मुख्याध्यापक, शिक्षक, मंडळाचे कार्यकर्ते किंवा सोसायटीचे चिटणीस असतील, त्यांना एक विनंती आहे. मुलांनी निवडलेला उपाय तुमच्या टेबलावर येईल. माठांना परवानगी, सुट्टीची वेळ पाच मिनिटं बदलणं, बंद नळाची दुरुस्ती, असं काहीतरी त्यात असेल. त्याला पंधरा दिवसांच्या आत लेखी उत्तर द्या. होकार असेल तर तारीख लिहा, नकार असेल तर खरं कारण लिहा आणि ते कारण दूर करायला काय करावं लागेल तेही लिहा. तो कागद वर्गात मोठ्याने वाचून दाखवला जाऊ द्या. शक्य असेल तर खाली सही आणि शिक्काही मारा.